मॅजिकची जुनी कार्डं पुन्हा पुन्हा छापली जातात: त्यातलं नेमकं कोणतं घ्यायचं?

गेल्या दिवाळीत डोंबिवलीहून आतेभावाचा फोन आला. कॉलेजातल्या मित्रांमुळे तो 'मॅजिक: द गॅदरिंग' हा कार्डांचा खेळ खेळायला लागलाय. म्हणाला, "दादा, लाइटनिंग बोल्ट हे एकच कार्ड आहे ना? मग एक दीड-दोन युरोला आणि दुसरं शेकडो युरोंना कसं? स्वस्तातलं डुप्लिकेट असतं का?"

डुप्लिकेट नसतं. दोन्ही अस्सल. एक १९९३ च्या पहिल्या छपाईतलं, दुसरं अलीकडचं पुनर्मुद्रण. जुन्या पुस्तकाची पहिली आवृत्ती आणि बाराव्या आवृत्तीची प्रत यात मजकूर तोच असतो, किमतीत मात्र जमीन-अस्मानाचं अंतर असतं. इथेही तसंच आहे.

मी शिकायला जर्मनीत आलो आणि इथल्या एका दुकानात शुक्रवार संध्याकाळच्या सामन्यांमध्ये हा खेळ शिकलो. सुरुवातीला हाच गोंधळ मला चांगलाच महागात पडला. ऑनलाइन 'काउंटरस्पेल' नावाची चार कार्डं फार स्वस्तात मिळाली म्हणून घेतली. पाकीट उघडलं तर कार्डांची किनार सोनेरी. मला वाटलं, खास आवृत्ती असेल. पहिल्याच स्पर्धेत पंचांनी एक कार्ड उलटून मागची बाजू पाहिली आणि चारही बाजूला ठेवायला सांगितली. ती स्मरणिका म्हणून छापलेली होती, स्पर्धेत चालत नव्हती. त्या दिवशी हे कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं फार वाटलं. म्हणून हे सगळं पायरीपायरीने लिहितोय.

आधी एवढं जवळ ठेवा

- फोनवर दोन ठिकाणं: स्क्रायफॉल (एका कार्डाच्या सगळ्या छपाया चित्रांसह दिसतात) आणि गॅदरर (खेळ काढणाऱ्या विझार्ड्स कंपनीचा अधिकृत कोश).
- सराफाकडे असतं तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग. हौशी छायाचित्रकाराकडेही मिळेल.
- मागून अपारदर्शक असलेली स्टँडर्ड आकाराची स्लीव्ह (कार्डावर घालायची प्लास्टिकची पिशवी). मॅजिकचं कार्ड ६३ × ८८ मिलिमीटरचं असतं. 'जपानी आकार' लिहिलेली स्लीव्ह यू-गी-ओच्या लहान कार्डांसाठी असतात, त्यात मॅजिकचं कार्ड जात नाही. पोकेमॉनची स्लीव्ह चालतात.
- खात्रीचं असं एक साधं कार्ड, स्वतः फोडलेल्या पाकिटातलं. ते कशाला, ते सहाव्या पायरीत येईल.
- स्पर्धेत उतरायचं असेल तर विझार्ड्सचं खातं आणि फोनवर कंपॅनियन ॲप. नावनोंदणी बहुतेक ठिकाणी त्यावरून होते.

पायरी १: खेळायला हवंय की जपायला, हे आधी ठरवा

याचं उत्तर मिळालं की बाकीचे निम्मे प्रश्न उरतच नाहीत. खेळायला हवं असेल तर सगळ्यात स्वस्त, सगळ्यात साधी, अलीकडची छपाई घ्या. तिची ताकद तीळभरही कमी नसते. लाइटनिंग बोल्ट १९९३ चा असो की गेल्या वर्षीचा, एका लाल मानाला ('मान' म्हणजे कार्ड खेळण्यासाठी मोजायची ऊर्जा) तीनच डॅमेज करतो.

जपायला हवं असेल तर तो वेगळा छंद आहे. त्यात चित्र, चित्रकार, वर्ष, कागद, कोपरे सगळंच मोजलं जातं. दोन्ही हौशी एकाच कार्डावर भागवायला जाऊ नका. खेळायचं कार्ड हाताळलं जातं, टेबलावर घासतं, आणि जपायचं म्हणून घेतलेलं डेकमध्ये (खेळायच्या गठ्ठ्यात) घातलं की प्रत्येक शफलला जीव खालीवर होतो. पहिलं वर्षभर फक्त खेळायची कार्डं घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. कोणतं चित्र आपल्याला खरंच आवडतं, ते खेळता खेळता आपोआप कळतं.

पायरी २: कोणतं कार्ड पुन्हा येऊ शकतं आणि कोणतं कधीच येणार नाही, ते समजून घ्या

हा भाग थोडा लांबतोय, पण बाजारभावाचं मूळ इथे आहे.

रिचर्ड गारफिल्डने रचलेला हा खेळ विझार्ड्स ऑफ द कोस्ट या अमेरिकी कंपनीने ऑगस्ट १९९३ मध्ये बाजारात आणला. पहिल्या छपाईला 'अल्फा' म्हणतात. २९५ वेगवेगळी कार्डं होती, एकूण छपाई साधारण २६ लाख कार्डांची, आणि प्रत्येक रेअर, म्हणजे दुर्मीळ, कार्डाच्या सुमारे अकराशेच प्रती. ती हातोहात संपली. ऑक्टोबरमध्ये 'बीटा' आला, डिसेंबरमध्ये पांढऱ्या किनारीचा 'अनलिमिटेड', आणि एप्रिल १९९४ मध्ये 'रिव्हाइज्ड'. म्हणजे पुनर्मुद्रण ही नंतर सुचलेली गोष्ट नाही. खेळ वर्षाचा व्हायच्या आत तीच कार्डं चार वेळा छापून झाली होती.

अल्फामध्ये पाच रंगांची पाच कार्डं एका साच्यातली होती: एक मान द्या, कशाचं तरी तीन मिळवा. लाल लाइटनिंग बोल्ट, तीन डॅमेज. हिरवी जायंट ग्रोथ, प्राण्याला +३/+३ (ताकद आणि टिकाव तीन-तीनने जास्त). काळा डार्क रिच्युअल, तीन काळे मान. पांढरा हीलिंग साल्व्ह, तीन जीवन. निळा अँसेस्ट्रल रिकॉल, तीन कार्डं. या पाचांचं पुढे काय झालं ते पाहा, म्हणजे सगळा हिशोब लक्षात येईल. जायंट ग्रोथ तोलाची निघाली, म्हणून ती पुन्हा पुन्हा येते. हीलिंग साल्व्ह कमकुवत होता, त्याची कुणाला फारशी आठवण नाही. डार्क रिच्युअल जास्त जोरकस ठरला, म्हणून आता तो खास संचांतूनच दिसतो. लाइटनिंग बोल्ट चौथ्या आवृत्तीनंतर (१९९५) कोअर सेटमधून, म्हणजे खेळाच्या मुख्य संचातून, बाहेर गेला. त्याच्या जागी पुढे दोनच डॅमेज करणारा शॉक आला, आणि बोल्ट कोअर सेटमध्ये परतला तो थेट २००९ च्या 'मॅजिक २०१०' मध्ये. अँसेस्ट्रल रिकॉल तर रेअरही होता आणि पाचांत कितीतरी बलवान. तो १९९३ च्या अनलिमिटेडनंतर स्पर्धेत चालेल अशा रूपात छापलाच गेला नाही.

का नाही? त्याला कारण १९९५ चा 'क्रॉनिकल्स' हा संच. 'अरेबियन नाइट्स', 'अँटिक्विटीज', 'लेजंड्स', 'द डार्क' या सुरुवातीच्या संचांतली दुर्मीळ कार्डं त्यात पांढऱ्या किनारीने पुन्हा छापली. सिटी ऑफ ब्रास, निकोल बोलाससारखे एल्डर ड्रॅगन, अशी सगळी. नव्या खेळाडूंना आनंद झाला. ज्यांनी मूळ कार्डांत पैसे घातले होते त्यांचे भाव कोसळले आणि ते खवळले. म्हणून १९९६ मध्ये कंपनीने 'रिझर्व्ह्ड लिस्ट' जाहीर केली. या यादीतली कार्डं खेळता येतील अशा स्वरूपात पुन्हा छापणार नाही, असा तो शब्द. मध्यंतरी फॉइलच्या (चमकदार थराच्या) रूपात काही छापता येतील अशी एक फट होती. २०१० मध्ये तीही बुजवली.

ब्लॅक लोटस, पाच मॉक्स, अँसेस्ट्रल रिकॉल, अंडरग्राउंड सी वगैरे दहा ड्युअल लँड्स (दोन रंगांचे मान देणारी कार्डं) याच यादीत आहेत. २०२१ मध्ये अल्फाच्या एका निष्कलंक ब्लॅक लोटसला लिलावात ५,११,१०० डॉलर मिळाले, त्यामागे ही यादी आहे. दुसरीकडे सोल रिंग अल्फामध्येच आली, ताकदीनेही काही कमी नाही. पण ती यादीत नाही, आणि २०११ पासून 'कमांडर' या खेळप्रकाराच्या जवळजवळ प्रत्येक तयार डेकमध्ये एक असतेच. म्हणून ती कुणालाही परवडते.

मग करायचं काय? हवं असलेलं कार्ड स्क्रायफॉलवर उघडा. रिझर्व्ह्ड लिस्टमध्ये असेल तर तसं तिथे लिहिलेलं दिसतं. असेल, तर नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. नसेल आणि किंमत चढी वाटत असेल, तर धीर धरा. कुठल्या तरी संचात ते आज ना उद्या येण्याची शक्यता बरीच असते.

पायरी ३: हातातलं कार्ड कोणत्या छपाईचं, ते ओळखायला शिका

माझ्यासमोर आत्ता चार लाइटनिंग बोल्ट आहेत. त्यांच्यावरूनच सांगतो.

पहिल्यावर पांढरी किनार आहे. नाव 'ब्लिट्झश्लाग', म्हणजे लाइटनिंग बोल्टच, जर्मन छपाई. एक कोपरा दुमडून पांढरा पडलाय. चित्र ख्रिस्टोफर रश यांचं, ब्लॅक लोटसही त्यांनीच काढलेला. दुसऱ्यावर हेच चित्र आहे, मजकूर इंग्रजी, आणि खाली चित्रकाराच्या नावाजवळ १९९५ हे वर्ष. ही चौथी आवृत्ती. तिसऱ्याची किनार काळी, चौकट नव्या धाटणीची, चित्र ख्रिस्टोफर मोलर यांचं: हा 'मॅजिक २०१०' चा. चौथा २०२१ च्या 'स्ट्रिक्सहेवन' बरोबर आलेल्या 'मिस्टिकल आर्काइव्ह' मधला, जुन्या हस्तलिखिताच्या पानासारखी नक्षी असलेला. चारही एकाच डेकमध्ये चालतात.

ओळखायचा क्रम असा ठेवा:

किनार पाहा. अनलिमिटेडपासून नवव्या आवृत्तीपर्यंतच्या इंग्रजी कोअर सेटची किनार पांढरी असते. २००७ च्या दहाव्या आवृत्तीपासून काळी.

मग खालची ओळ. रिव्हाइज्ड आणि त्याआधीच्या कार्डांवर वर्ष छापलेलं नाही, चौथ्या आवृत्तीपासून असतं. २०१४ च्या 'मॅजिक २०१५' पासून तळाला डावीकडे कार्डाचा क्रमांक, संचाची छोटी अक्षरं आणि भाषा असते. 'फाउंडेशन्स' संचाच्या कार्डावर एफडीएन असं दिसेल. तेव्हापासूनच रेअर आणि मिथिक (रेअरहूनही दुर्मीळ) कार्डांवर तळाशी मध्यभागी चमकणारा छोटा लंबगोल शिक्का येतो.

मग उजवीकडचं संचाचं चिन्ह. १९९८ च्या 'एक्सोडस' पासून त्याच्या रंगावरून दुर्मीळता कळते: काळं कॉमन, चंदेरी अनकॉमन, सोनेरी रेअर. नारिंगी-तांबडं मिथिक २००८ मध्ये आलं. एक्सोडसआधीच्या संचांत चिन्ह असलंच तर काळं, त्यामुळे रंगावरून काही ठरवू नका.

आणि कोपरे. अल्फाचे कोपरे बाकी सगळ्यांपेक्षा जास्त गोल असतात. आपल्यावर ते तपासायची वेळ क्वचितच येईल.

आता यातले खड्डे. जुनी चौकट म्हणजे जुनं कार्ड नव्हे. २०२१ च्या 'टाइम स्पायरल रीमास्टर्ड' पासून कंपनी मुद्दाम जुन्या चौकटीत नवी कार्डं काढते, दिसतात अगदी नव्वदच्या दशकातली. तळाची ओळ वाचली की लगेच कळतं. दुसरं, काही कार्डांच्या तळाला डाव्या कोपऱ्यात ज्योतीसारखं छोटं पांढरं चिन्ह दिसेल आणि बाकी सगळं जुन्या संचासारखं. ती 'मिस्ट्री बूस्टर' किंवा 'द लिस्ट' मधली पुनर्मुद्रणं. ती अस्सल आहेत, खेळायला चालतात. मात्र कुणी मूळ छपाईचा भाव मागत असेल तर त्या कोपऱ्याकडे बोट दाखवा.

पायरी ४: कुठल्या स्पर्धेत चालतं, ते तपासा

मुख्य नियम नवख्याच्या बाजूचा आहे: स्पर्धेच्या एखाद्या प्रकारात (स्टँडर्ड, मॉडर्न, लेगसी, पॉपर असे ते असतात) एखादं कार्ड चालत असेल तर त्याची नेहमीच्या पाठीची कोणतीही छपाई चालते. लानोवार एल्व्ह्ज नोव्हेंबर २०२४ च्या फाउंडेशन्समध्ये आल्या. त्यामुळे घरात तीस वर्षांपूर्वीच्या लानोवार एल्व्ह्ज असतील, तर त्या आज स्टँडर्डमध्ये बिनदिक्कत खेळा.

उलट दिशेने मात्र फसायला होतं. कुठेतरी नव्याने छापलं म्हणजे सगळीकडे चाललं, असं नाही. कोणत्या प्रकारच्या संचात छापलं, यावर ते ठरतं. कमांडरच्या तयार डेकमध्ये आलेल्या कार्डाला स्टँडर्ड किंवा मॉडर्नचं दार उघडत नाही. सोल रिंग दरवर्षी छापली जाते, तरी मॉडर्नमध्ये चालत नाही आणि लेगसीत तिच्यावर बंदी आहे.

काउंटरस्पेलची गोष्ट यासाठीच लक्षात ठेवण्यासारखी. मॉडर्नमध्ये आठव्या आवृत्तीपासूनची (२००३) कार्डं येतात. काउंटरस्पेल कोअर सेटमध्ये शेवटचं सातव्या आवृत्तीत होतं, एका आवृत्तीने हुकलं. त्यानंतरही ते अनेक संचांत छापलं गेलं, पण मॉडर्नमध्ये शिरलं ते जून २०२१ च्या 'मॉडर्न होरायझन्स २' मधून, कारण तो संच मॉडर्नसाठीच काढलेला होता. त्या दिवसापासून १९९३ चं काउंटरस्पेलसुद्धा मॉडर्नमध्ये चालू झालं.

पॉपर या प्रकाराचा नियम आणखी सोपा: कार्ड कधीतरी कॉमन म्हणून छापलं गेलेलं हवं. काउंटरस्पेल अल्फामध्ये अनकॉमन होतं, नंतर 'आइस एज' मध्ये कॉमन झालं, म्हणून पॉपरमध्ये सगळ्या छपाया चालतात. कमी पैशात जुनी, नावाजलेली कार्डं खेळायची असतील तर पॉपरने सुरुवात करा. मला हा प्रकार मनापासून आवडतो.

काय अजिबात चालत नाही: सोनेरी किनारीची जागतिक अजिंक्यपद डेकची कार्डं (मी घेतली ती हीच, काहींवर खेळाडूची छापील सहीसुद्धा असते). १९९३ ची 'कलेक्टर्स एडिशन', चौकोनी कोपऱ्यांची. आणि २०२२ ची 'थर्टिएथ ॲनिव्हर्सरी एडिशन', चार पाकिटांना ९९९ डॉलर, पाठ वेगळी. विक्रेत्याने फक्त पुढच्या बाजूचा फोटो टाकला असेल तर मागच्या बाजूचा मागा. न देणाऱ्याकडून घेऊ नका.

पायरी ५: कार्डावर छापलेलं नव्हे, चालू शब्दांकन वाचा

जुन्या कार्डावरची भाषा त्या काळची. १९९३ च्या सेरा एंजलवर हल्ला करताना ती टॅप होत नाही (वापरल्याची खूण म्हणून कार्ड आडवं करावं लागत नाही) असं वाक्य आहे. आज तिथे 'व्हिजिलन्स' एवढा एकच शब्द असतो. जुन्या काउंटरस्पेलवर 'इंटरप्ट' लिहिलंय. तो प्रकार १९९९ च्या सहाव्या आवृत्तीबरोबर रद्द झाला, आता ते इन्स्टंट (समोरच्याच्या पाळीतही खेळता येणारं) आहे. प्रत्येक कार्डाचं अधिकृत चालू शब्दांकन असतं, त्याला 'ओरॅकल' म्हणतात, आणि वाद झाला तर तेच ग्राह्य. गॅदररवर ते मिळतं.

चुकीचं छापलं गेलं असलं तरी ओरॅकलच खरं. अल्फामधल्या ऑर्किश ओरिफ्लॅमवर एक साधा (कोणत्याही रंगाचा) आणि एक लाल मान एवढीच किंमत छापून गेली. खरी तीन साधे आणि एक लाल. अल्फाचं कार्ड हातात असलं तरी तुम्हाला चारच मान द्यावे लागतील. रिव्हाइज्डमध्ये तर सेरेंडिब इफ्रीत हे निळं कार्ड हिरव्या चौकटीत, दुसऱ्याच इफ्रीतच्या चित्रासह छापलं गेलं. समोरच्याने ते टेबलावर ठेवलं तर गोंधळू नका, ते निळंच आहे.

परभाषेतलं कार्ड घेताना हे जास्तच लागू. जर्मन काउंटरस्पेल 'गेगेनत्साउबर' नावाने येतं आणि काही वेळा इंग्रजीपेक्षा स्वस्त मिळतं. घ्यायला हरकत नाही, पण समोरच्याला ओरॅकल दाखवता येईल असा फोन हाताशी असू द्या.

पायरी ६: विकत घ्या, आणि आल्या आल्या तपासा

एखादं ठरावीक कार्ड हवं म्हणून बंद पाकिटं फोडत बसू नका. सुटं कार्ड घ्या, त्याला सगळे 'सिंगल' म्हणतात. युरोपात बहुतेक जण बर्लिनच्या कार्डमार्केटवरून घेतात, अमेरिकेत टीसीजीप्लेअर चालतं. भारतात असाल तर आधी आपल्या शहरातल्या खेळणाऱ्यांच्या गटात विचारा. कॉमन कार्डांचे ढीग पडून असतात लोकांकडे, आणि परदेशातून मागवलं तर टपालखर्चच कार्डाच्या कितीतरी पट होतो.

टपालखर्चाचा हिशोब इथेही तोच. चार विक्रेत्यांकडून चार कार्डं प्रत्येकी वीस सेंट कमी दराने घेण्यापेक्षा एकाकडून सगळी घ्या.

पुनर्मुद्रण जाहीर झालं की आगाऊ नोंदणीचे भाव चढे असतात. संच येतो, पाकिटं फुटायला लागतात, दोन-चार आठवड्यांत सुटी कार्डं बाजारात येतात आणि बहुतेकदा भाव उतरतो. मी तेव्हाच घेतो. थेट कंपनीच्या संकेतस्थळावर विकले जाणारे 'सीक्रेट लेअर' संच मात्र वेगळे. त्यातलं चित्र जिवापाड आवडलं असेल तरच घ्या. फक्त खेळण्यासाठी त्याच कार्डाची साधी छपाई शोधा.

स्थितीची नावं दोन्ही बाजारांत सारखी नाहीत. 'नियर मिंट' (जवळपास नवंकोरं) दोन्हीकडे सारखंच, पण त्याखाली कार्डमार्केटवर 'एक्सलंट', 'गुड', 'लाइट प्लेड' अशी उतरंड आहे. म्हणजे तिथलं 'लाइट प्लेड' अमेरिकेतल्या 'लाइटली प्लेड' पेक्षा बरंच वापरलेलं असतं. मी पहिल्यांदा नाव वाचून घेतलं आणि कडा पांढऱ्या झालेली कार्डं आली. चूक विक्रेत्याची नव्हती, मी उतरंड वाचली नव्हती.

नकली कार्डांची तपासणी अशी करा. खात्रीचं कार्ड शेजारी ठेवा. दोन्हींची पाठ पाहा. १९९३ पासून ती बदललेली नाही: तपकिरी, मध्ये पाच रंगांचे ठिपके, खाली 'डेकमास्टर'. आता भिंगातून हिरव्या ठिपक्यात बघा. अस्सल कार्डात तिथे चार बारीक लालसर ठिपके इंग्रजी 'एल'च्या आकारात दिसतात. पहिल्यांदा ते शोधायला मला दहा मिनिटं लागली. दिसले की मग नजर बसते, पुढच्या वेळी दहा सेकंद पुरतात. मग पुढच्या बाजूला कार्डाचं नाव पाहा. चित्र बारीक रंगठिपक्यांचं बनलेलं असतं, पण काळी अक्षरं त्यावर सलग, ठसठशीत छापलेली असतात. अक्षरंही ठिपक्यांचीच बनलेली दिसली तर कार्ड नकली समजा. बोटांना कागद वेगळा, मेणचट लागला तर संशय घ्या. कार्ड वाकवून बघण्याची एक जुनी पद्धत लोक सांगतात. ती करू नका, अस्सल कार्डाचंही नुकसान होतं.

घरी मित्रांबरोबर खेळताना सगळ्यांना मान्य असेल तर प्रिंट काढलेलं कार्ड चालवायला काहीच हरकत नाही. अस्सल म्हणून विकणं ही फसवणूक. दोन्हीत गल्लत करू नका.

पायरी ७: स्लीव्हमध्ये घाला

वेगवेगळ्या छपायांची कार्डं मिसळली की कागदाचा रंग, कडांची झीज यावरून न पाहताही कार्ड ओळखता येऊ शकतं. स्पर्धेत त्याला खुणेचं कार्ड म्हणतात आणि दंड होतो. सगळा डेक एकाच रंगाच्या, एकाच खेपेच्या अपारदर्शक स्लीव्हमध्ये असला की ही अडचण मिटते.

मुंबई, कोकण, गोव्याकडच्यांनी फॉइल कार्डं शक्यतो टाळावीत. पावसाळी हवेत कागद दमट होतो, वरचा फॉइलचा थर होत नाही, आणि कार्ड वाकतं. माझ्या भावाने पहिल्या जुलैतच हे अनुभवलं. घेतलीच तर घट्ट झाकणाच्या डब्यात, नव्या बुटांच्या खोक्यात येतात तशा सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. पुनर्मुद्रण साधंही मिळतं आणि फॉइलही. खेळायला साधंच बरं.

पहिल्या खरेदीसाठी माझी यादी

भावाला पाठवली तीच देतो. लाइटनिंग बोल्ट चार, छपाई कोणतीही, सगळ्यात स्वस्त ती. काउंटरस्पेल चार, सोनेरी किनार सोडून. लानोवार एल्व्ह्ज चार, फाउंडेशन्सच्या. कमांडर खेळणार असाल तर सोल रिंग वेगळी घेऊ नका, पहिल्या तयार डेकमध्ये ती असेलच. सॉर्ड्स टु प्लाउशेअर्स एक, कमांडरच्या एखाद्या जुन्या डेकमधून सुटं. एका पांढऱ्या मानाला कुठलाही प्राणी खेळाबाहेर काढणारं हे कार्ड अल्फापासून आजवर तितकंच उपयोगी आहे.

आणि बेसिक लँडसाठी एक पैसाही देऊ नका. प्लेन्स, आयलंड, स्वॉम्प, माउंटन, फॉरेस्ट ही पाच सगळ्यात जास्त वेळा छापली गेलेली कार्डं. ड्राफ्ट (तिथेच पाकिटं फोडून खेळायचा सामना) संपला की लोक ती टेबलावरच सोडून जातात. दुकानदाराला विचारलंत तर काउंटरखालचा खोका तुमच्यापुढे ठेवेल. घाई न करता चाळा, एकाच चित्राची सतरा माउंटन त्यातूनच निघतील.